तीन यमुना

(तृतीय वर्ष, कॉम्प्युटर)

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्याला चार तास, आणि त्या चार तासांबाहेर बोललं तर पाच रुपये दंड. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. विचार चुकला असं वाटलं तर मात्र भांडायला खुशाल कॅन्टीनमध्ये या, चहा मी पाजेन. (सबमिशनचा आठवडा सोडून!)

तर झालं असं. या अंकासाठी आपल्या कॉलेजच्या पहिल्या तीन बॅचेसच्या विद्यार्थ्यांना शोधायचं ठरलं. ऑफिसच्या कपाटातून जुनं ॲडमिशन रजिस्टर निघालं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नावं शाबूत. मुलांची यादी कमिटीतल्या दोघांनी वाटून घेतली आणि मुलींची माझ्याकडे आली. तिन्ही बॅच मिळून मुली किती? अकरा! मी मनातल्या मनात खूश. त्या बिचाऱ्यांना दीडशेच्या वर नावं, मला फक्त अकरा. म्हटलं दोन संध्याकाळींचं काम.

दीड महिना गेला. त्या दोघांना शंभराच्या वर माणसं सापडली. नाव टाका, आडनाव टाका, शाखा टाका, की समोर फोटो, टक्कल, कंपनी आणि हुद्दा. मला अकरातल्या चार सापडल्या. एक मॅडम सापडल्या कारण त्यांनी लग्न केलं नाही. एक सापडल्या कारण त्यांनी लग्नानंतर नाव बदललं नाही. उरलेल्या दोघी त्यांच्या वर्गातल्या मुलांना, म्हणजे आताच्या काकांना, फोन करकरून मिळाल्या. बाकीच्या सात जणी काही हरवलेल्या नाहीत. कुठेतरी नोकरी करत असतील, कोणाच्या तरी आई असतील, कदाचित आपल्याच कॉलेजच्या पेरेंट्स मीटिंगला येऊनही गेल्या असतील. फक्त रजिस्टरमधल्या नावाच्या बाई आता कुठेच नाहीत.

सापडलेल्यांपैकी इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मॅडमना मी फोन केला आणि रजिस्टरमधलं नाव घेऊन विचारलं, "आपणच का?" पलीकडे एकदम शांतता. मला वाटलं रेंज गेली. मग त्या म्हणाल्या, "अगं, या नावाने मला कोणी हाक मारून किती वर्षं झाली. आई होती तोवर ती मारायची." त्यानंतर पाऊण तास बोलल्या. वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा फाइलिंग करताना हाताला आलेले फोड, मुलींसाठी वेगळी टॉयलेट नव्हती तेव्हा काय करायच्या, सगळं. फोन ठेवताना म्हणाल्या, "छापताना जुनं नावच छाप गं."

आम्हाला डीबीएमएस शिकवणारे सर पहिल्याच युनिटला सांगतात, टेबलची प्रायमरी की अशी निवडा की जी कधी बदलणार नाही. ती बदलली की तिच्या आधाराने जोडलेली बाकीची सगळी टेबलं पोरकी होतात. व्हायवाला हा प्रश्न हमखास असतो आणि आम्ही घडाघडा उत्तर देतो. पण ज्या देशात हे उत्तर देऊन पोरी पास होतात, त्याच देशात दोन वर्षांनी त्याच पोरींची की बदलतात आणि वर पेढे वाटतात!

आडनाव बदलणं जगात बऱ्याच ठिकाणी आहे. माझ्या शाळेतल्या ख्रिश्चन मैत्रिणींच्या घरीही आहे. आपल्याकडे मात्र एक पाऊल पुढे, पहिलं नावसुद्धा बदलतात. लग्न लागल्यावर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्या मुलाने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, आणि झालं. वीस-पंचवीस वर्षांचं नाव पाच मिनिटांत तांदळाखाली.

आता यमुनेकडे येते. मागच्या मार्चमध्ये महिला दिनाच्या पोस्टर प्रदर्शनासाठी माझ्याकडे दोन पोस्टर आली होती, डॉ. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे. लायब्ररीतून पुस्तकं आणून बसले, तर दोन्हीकडे पहिल्याच परिच्छेदात तेच वाक्य: माहेरचं नाव यमुना. मला वाटलं मी चुकून एकच पुस्तक दोनदा उघडलंय.

पहिली यमुना जन्मली ३१ मार्च १८६५ ला, कल्याणच्या जोशांच्या घरात. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव, पोस्टात कारकून, बिजवर, तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे. लग्नात यमुनेची आनंदी झाली. गंमत बघा, सासरचं आडनावही जोशीच! म्हणजे बाकीच्या बायकांचं जे बदलतं ते आडनाव हिचं जागच्या जागी राहिलं, आणि बदललं काय, तर जे फक्त तिचं एकटीचं होतं तेवढंच. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. पुढचं २०१९ च्या सिनेमामुळे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. अभ्यास केला नाही म्हणून बायकोवर हात उगारणारा तो विक्षिप्त नवरा, १८८३ सालचा कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय केलेला बोटीचा प्रवास, फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज, ११ मार्च १८८६ ची पदवी, कोल्हापूरच्या हॉस्पिटलातली नेमणूक, आणि ती नोकरी एक दिवसही करता न येता २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने मृत्यू. बावीसही पूर्ण नव्हती. मी आत्ता वीस आहे आणि माझ्या दोन केट्या बाकी आहेत, असो.

तिच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. ज्या बाईंनी डेंटिस्टकडे नंबर लागायची वाट बघताना एका मासिकात हिच्याबद्दल वाचलं आणि पत्र टाकलं, त्या या. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे आणि नावापुढे एम.डी. शुक्रावरच्या एका विवरालाही तिचं नाव दिलंय. ते आहे 'जोशी'. यमुना पुण्यात गेली, आनंदी पोकीप्सीला, शुक्रावर पोचलं ते आडनाव!

दुसरी यमुना देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची. देवराष्ट्रे आता सांगली जिल्ह्यात येतं, यशवंतराव चव्हाणांचंही जन्मगाव. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या यमुनेचं लग्न न्यायमूर्ती रानड्यांशी झालं. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले, विधवाविवाहाचा प्रचार करणारे, आणि वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्नाला उभे राहिलेले. यमुनेची रमा झाली. पुढे रानड्यांनी तिला शिकवलं, मन लावून शिकवलं, याबद्दल दुमत नाही. ती वाचते म्हणून घरातल्या बायकांनी तिला किती छळलं ते तिनेच 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहिलंय. ते १९१० चं आहे, मिळालं तर वाचा. माझ्यासारखीला सुरुवातीला जड गेलं, पण पन्नास पानांनंतर सोडवेना. रानडे १९०१ मध्ये गेले. त्यानंतरच्या रमाबाई मला जास्त आवडतात. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन, तिथे विधवांना नर्सिंग शिकवायचं, आणि पुण्यात मुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं म्हणून धरलेला हट्ट. १९२४ मध्ये त्या गेल्या. पोस्टाने १९६२ मध्ये तिकीट काढलं, अर्थात रमाबाई रानडे या नावाने.

एक डॉक्टर, एक समाजकार्यकर्ती. कल्याण आणि देवराष्ट्र्याची दोन घरं. एकमेकींच्या जन्मात तीनेक वर्षांचं अंतर. आणि दोघींना मराठी माणूस ज्या नावाने ओळखतो ते नाव आईवडिलांनी ठेवलेलं नाही. पोस्टर लावलं तेव्हा मेकॅनिकलचा एक मुलगा मला म्हणाला, "मग यमुना नावाची एक तरी फेमस बाई यमुना राहिली का?" तो टिंगल करत होता. पण प्रश्न बरोबर होता.

उत्तर माझ्या आजोळी मिळालं. आजोळ वाईचं. सुट्टीत आजीला हा सगळा प्रकार सांगितला, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "का? आमच्या यमुनाबाई नाहीत का?"

यमुनाबाई वाईकर. जन्म १९१५, वाईतच. कोल्हाटी समाजातल्या. लावणी आईकडून घेतली, मग बैठकीची लावणी आणि तिची अदा इतकी पुढे नेली की लावणीसम्राज्ञी म्हटलं की त्यांचं नाव येतं. नुसती नाचाची लावणी नाही हं. एका जागी बसून, चेहरा आणि हातांनी, एकाच ओळीचे दहा अर्थ दाखवायचे. शिवाय ठुमरी, गझल. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७५ मध्ये, पद्मश्री २०१२ मध्ये, म्हणजे वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी! २०१८ च्या मे महिन्यात त्या गेल्या तेव्हा वय होतं १०२. आजी जन्मभर त्यांच्याच गावात राहिली, पण त्यांना समोर बसून कधी ऐकलं नाही. घरंदाज बायकांनी ऐकायची पद्धत नव्हती. पद्मश्री मिळाल्यावर पेपरात फोटो आला तो कापून ठेवलाय, बस्स.

आता त्यांचं नाव नीट बघा. यमुनाबाई, हे त्यांचं. वाईकर, हे गावाचं. नवऱ्याचं काहीच नाही. त्यांची संगीत पार्टी होती तिचं नावही 'यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी'. तीन बायकांची नावं आणि एक गाव. शंभर वर्षं एकच नाव लावून एक बाई जगली, गाजली, म्हातारी झाली आणि त्याच नावाने गेली. आपल्या अकरा इंजिनिअर मुलींपैकी नऊ जणींना जे जमलं नाही ते यांना जमलं.

पण थांबा. मी हे लिहिताना मलाच खटकलं. कोल्हाटी समाजात नाचगाण्यात जाणाऱ्या मुलीचं लग्न होत नसे, अशी रूढीच होती. त्या रूढीखाली मुलींच्या आयुष्याचं काय व्हायचं हे डॉ. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' या १९९४ च्या आत्मकथेत आहे. (लेखकाच्या मधल्या नावाकडे लक्ष द्या. तिथे वडिलांचं नव्हे, आईचं नाव आहे.) म्हणजे हिशेब असा झाला: ज्या दोन यमुनांना अब्रूदार घरात घेतलं त्यांना नाव दारातच ठेवावं लागलं, आणि ज्या यमुनेला अब्रूदार घराने कधी आत घेतलंच नाही तिचं नाव तिच्याकडे राहिलं. तिचं बरं झालं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या दोघींचं बरं झालं असंही म्हणवत नाही. नाव टिकवायला एवढी किंमत का असावी, एवढंच मला विचारायचंय.

या सगळ्यात मी ती नदीसुद्धा शोधली! यमुना १,३७६ किलोमीटर वाहत येते आणि प्रयागला गंगेला मिळते. पुढे नाव गंगा. आणि संगमापाशी पाणी जास्त कोणाचं असतं? यमुनेचं. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात हे कोणी छापलं नव्हतं. आणखी एक सापडलं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, कशा मुलीशी लग्न करू नये त्या यादीत, नदीचं नाव असलेली मुलगी आहे. नक्षत्राचं आणि झाडाचंही. नावं बदलण्याची रीत त्यातून आली असं मी म्हणत नाही. मराठी घरांत गंगा, गोदा, कृष्णा, यमुना ढिगाने नांदल्याच की! पण वाचून हसू आलं खरं.

नदीवरून आठवलं. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला, केवढं धाडस. ती विधवा म्हणजे गोदूबाई. आणि लग्नानंतर तिचंही नाव झालं आनंदी! म्हणजे एवढ्या मोठ्या सुधारकालाही ही एक रीत सोडाविशी वाटली नाही. पुढे त्यांच्या घरात सून आली ती ब्रह्मदेशातल्या नदीच्या नावाची, इरावती. तिचं नाव मात्र कोणी बदललं नाही. इरावती कर्वे इरावतीच राहिल्या, मानववंशशास्त्र आणि 'युगान्त' त्याच नावावर. सासू आणि सून यांच्यामध्ये एकच पिढी. म्हणजे एका पिढीत रीत मोडता येते, आणि त्याला आता शंभर वर्षं होत आली. तरी आपल्याकडे ताट, तांदूळ आणि अंगठी आहेच.

होस्टेलवर हा विषय काढला तेव्हा मैत्रिणींनी मला झोडपलं. एक म्हणाली, किती रोमँटिक असतं, नवरा आपल्यासाठी नाव निवडतो. मी म्हटलं, मग तूही त्याच्यासाठी निवड. पुढच्याच ताटात लिहू. सगळ्या हसल्या. त्याचं नाव बदलण्याची कल्पनाच विनोदी वाटते, आणि मला जे म्हणायचंय ते सगळं त्या हसण्यात आलं. दुसरीचा मुद्दा जास्त पक्का होता. ती म्हणाली, तुझ्या शाळेतल्या सिस्टर्स नाही का नाव बदलत? खरंय. आमच्या प्रिन्सिपॉल सिस्टरनी एकदा सांगितलं होतं की घरी त्यांचं नाव वेगळं होतं, व्रत घेताना त्यांनी एका संताचं नाव स्वतः मागून घेतलं. यावर मी दोन दिवस विचार केला. फरक मला 'मागून घेतलं' या शब्दांत दिसतो. कोणाला आपलं नाव आवडत नसेल, बदलायचं असेल, तर जरूर बदलावं, गॅझेट आहेच. माझं म्हणणं फक्त अंगठी कोणाच्या हातात आहे एवढ्यापुरतं आहे. आणि आनंदीबाईंना आनंदी हे नाव आवडतही असेल! अमेरिकेत त्यांनी तेच नाव लावलं. पण नऊ वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

माझ्या मावसबहिणीचं लग्न गेल्या मे महिन्यात झालं. ताई बी.ई., पुण्यात नोकरी. तांदळाचं ताट आलं तेव्हा मी तिच्या कानात म्हटलं, "नको म्हण ना." ती म्हणाली, "अगं, एका दिवसाचं असतं. कागदावर थोडंच बदलणार आहे!" मलाही पटलं. दिवाळीत तिच्या सासरी फोन केला, तिचा मोबाइल बंद होता म्हणून घरच्या नंबरवर. ताईचं नाव घेऊन विचारलं, आहे का. पलीकडून छोट्या मुलाचा आवाज आला, "या नावाचं इथे कोणी राहत नाही." तिच्या जावेचा मुलगा. सहा महिने तो तिच्याबरोबर एका घरात राहतोय.

आणि कागदाचं म्हणाल तर कागदही सोपा नाही. माझ्या बारावीच्या मार्कशीटवर आईच्या नावाचा रकाना आहे. त्यात जे नाव आहे ते बाबांच्या घरी ठेवलेलं. आईच्या स्वतःच्या बी.एस्सी.च्या मार्कशीटवर दुसरंच. मागे एका बँकेत वारसाचं काम निघालं तेव्हा तिला ॲफिडेव्हिट करून सांगावं लागलं की या दोन्ही बायका मीच. २०२४ च्या मे महिन्यापासून महाराष्ट्र सरकारने मुलांच्या नावानंतर आईचं नाव लावणं सक्तीचं केलंय, १ मे २०१४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. फार चांगलं केलं. आईचं कुठलं नाव, हा प्रश्न मात्र मी आईला विचारला. ती आधी म्हणाली, "काय फरक पडतो." मग पोळी उलटवून म्हणाली, "पहिलं."

तर आता यादीचं. पहिल्या तीन बॅचेसची यादी याच अंकात मागच्या पानांवर आहे. मुलींची नावं मी कमिटीशी भांडून ॲडमिशन रजिस्टरमध्ये होती तशीच छापायला लावलीत. चौघींपुढे हल्लीचा पत्ता आहे, सात जागा कोऱ्या आहेत. तुमच्यापैकी कोणाची आई, काकू, मावशी, शेजारच्या बाई आपल्या कॉलेजच्या असतील, तर घरी गेल्यावर त्यांना एकदा ते पान दाखवा. ओळख पटली तर मराठी विभागाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवा, किंवा माझ्या वर्गात, सी-२०४, दुसरा बाक, खिडकीकडचा.